बंदी नदीवर, भार नावाड्यावर

आषाढी एकादशी जवळ येऊ लागली की पंढरपुरात दोन वार्तांकडे लोकांचे कान लागलेले असतात. पालख्या कुठवर आल्या ही एक, आणि उजनी व वीर या धरणांतून किती पाणी सोडले ही दुसरी. पहिल्या वार्तेने गाव आनंदते. दुसरीने प्रशासन सावध होते आणि चंद्रभागेच्या काठावरचा होडीवाला चिंतेत पडतो. पाऊस लवकर व भरपूर झाला आणि भीमेचे पात्र दुथडी भरून वाहू लागले, की नदीत होड्या चालविण्यास मनाई करणारा आदेश निघतो. घाटांवर पोलीस उभे राहतात, ध्वनिक्षेपकावरून सूचना सुरू होतात, होड्या काठाला बांधल्या जातात. लाखो लोकांच्या जिवाचा प्रश्न असताना असा आदेश निघू नये, असे कोणीही सुज्ञ माणूस म्हणणार नाही. परंतु आदेश योग्य आहे, एवढ्याने त्याविषयीचा विचार संपत नाही. सुरक्षिततेलाही किंमत पडते आणि ती कोणी मोजावयाची, हा प्रश्न उरतोच. आजच्या व्यवस्थेत ती जवळजवळ सर्वस्वी एकाच वर्गाकडून वसूल होते. तो वर्ग म्हणजे वर्षभराची आशा वारीच्या चार दिवसांवर ठेवून बसलेल्या नावाड्यांचा.

नदीचा स्वभाव

पंढरपूरजवळ भीमा चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाल्यापासून या नदीची दोरी बऱ्याच अंशी माणसाच्या हाती आली. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी वारकऱ्यांच्या स्नानासाठी धरणातून मुद्दाम पाणी सोडावे लागते. पावसाचा जोर असलेल्या वर्षी तेच धरण भरत आल्यामुळे नाइलाजाने सोडावे लागते. उजनीच्या खाली नरसिंगपूर येथे नीरा भीमेला मिळते. त्यामुळे नीरेवरील वीर धरणाचा विसर्गही अखेर पंढरपुराच्याच दारात येतो. पंढरपुरात आकाश निरभ्र असताना पुंडलिकाच्या मंदिराच्या पायऱ्या पाण्याखाली जाऊ शकतात, याचे कारण हेच. दूर घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस आणि दोन धरणांच्या दारांविषयी घेतलेला निर्णय यांवर येथील पाण्याची पातळी ठरते.

विसर्गाचे आकडे वर्तमानपत्रांत क्युसेकमध्ये छापले जातात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. हा आकडा वाढला की पाणी नुसते उंच चढत नाही, ते वेगही घेते. आणि खरा धोका वेगात असतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की होडीवर पडणारा त्याचा रेटा चौपट होतो. एरवी वल्ह्याच्या दोन हातांत वळणारी होडी अशा वेळी वल्हे जुमानत नाही. त्यातच उतारू पोहता न येणारे, सामानासह बसलेले, पुंडलिकाचे किंवा कळसाचे दर्शन व्हावे म्हणून एकदम एका बाजूला झुकणारे. होडी उलटण्यास पुष्कळदा पूरही लागत नाही. उभी राहिलेली दहा माणसे एकाच वेळी एका अंगाला सरकली तरी पुरते.

शिवाय वारीत नदी केवळ वाहतुकीचा मार्ग नसते. स्नानाचे स्थान म्हणून तिचे महत्त्व त्याहून मोठे असते. वाळवंटाच्या कडेला हजारो माणसे पाण्यात उतरलेली असतात आणि त्यांच्यामधून विष्णुपदाकडे, गोपाळपुराकडे किंवा पैलतीराकडे होड्या ये-जा करीत असतात. रस्त्यावर पादचारी आणि वाहने एकत्र आली की जो गोंधळ उडतो, तोच येथे पाण्यात उडतो. फरक एवढाच की पाण्यात ब्रेक नसतो. म्हणून पूर नसतानाही, केवळ गर्दीसाठी, होड्यांवर काही निर्बंध घालावे लागतात. पुरासाठी घातलेली बंदी आणि गर्दीसाठी घातलेला निर्बंध या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद लक्षात ठेवणे अवश्य आहे. कारण पुढील सारे विवेचन त्यावर उभे आहे.

अपघातांची साक्ष

निर्बंधांची गरज पटविण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. याच भीमेवर, उजनीच्या जलाशयात, २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. १५ सप्टेंबर २०१९ रोजी आंध्र प्रदेशात गोदावरीला पूर आलेला असताना पापिकोंडलूच्या सहलीस निघालेली बोट कच्चुलुरूजवळ बुडाली. तीत सत्तरांहून अधिक माणसे होती आणि त्यांतील पन्नासच्या आसपास दगावली. पूर दिसत असताना ती बोट सुटली कशी, हा प्रश्न त्या वेळी साऱ्या देशाने विचारला.

सार्वजनिक उत्सवाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद घटना मात्र पाटण्याची आहे. १४ जानेवारी २०१७ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, गंगेच्या पात्रातील दियाऱ्यावर बिहारच्या पर्यटन खात्याने पतंगमहोत्सव भरविला होता. दिवसभर माणसे पलीकडे जात राहिली. संध्याकाळी सर्वांना एकाच वेळी परतावयाचे होते आणि परतीची सोय अपुरी पडली. मिळेल त्या नावेत लोक चढले; क्षमतेपेक्षा अधिक भरलेली एक नाव किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर बुडाली आणि चोवीस जणांचे प्राण गेले. तेथे पूर नव्हता, वादळ नव्हते. जाण्याचे निमंत्रण होते, परतण्याची व्यवस्था नव्हती. वाहतुकीची गरज कायम ठेवून तिची साधने तेवढी तोकडी ठेवली तर काय होते, याचा हा धडा आहे. केवळ बंदीवर विसंबणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने तो पाठ करून ठेवावा. पैलतीरावर जाण्याची निकड असलेला माणूस होड्या बंद झाल्या म्हणून घरी बसत नाही; आडवळणाच्या घाटावरून, अंधारात, दुप्पट पैसे देऊन, जीवरक्षक जाकिटावाचून तो जातो. बंदीने धोका नाहीसा झाला असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात तो डोळ्यांआड झालेला असतो.

बाजाराची मर्यादा

होडीत किती माणसे घ्यावयाची हे होडीवाला आणि उतारू यांनी आपसात ठरवावे, त्यात सरकारने का पडावे, असा एक युक्तिवाद करता येईल. अर्थशास्त्राच्या कसोटीस तो उतरत नाही. फळी कुजलेली आहे की नाही, तळाशी पाणी झिरपते की नाही, हे आजच गावात आलेल्या वारकऱ्याला कळणे शक्य नाही. ज्या मालाची प्रत ग्राहकाला पारखता येत नाही, तेथे स्पर्धा प्रत सुधारीत नाही. ती उलट बिघडविते. एखाद्या होडीवाल्याने सचोटीने दहाच माणसे घ्यावयाचे ठरविले, तर शेजारचा पंधरा घेऊन भाडे उतरवितो आणि सचोटीचा होडीवाला रिकामा बसतो. सर्वांनी दहाच घ्यावीत हे सर्वांच्याच हिताचे असते. पण एकट्याने तसे वागणे कोणालाच परवडत नाही. अशा ठिकाणी बाहेरून आलेला नियमच सज्जनाचे रक्षण करतो. म्हणून होड्यांवरचे निर्बंध हा होडीवाल्याचा शत्रू आहे, ही समजूत चुकीची आहे.

इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात जहाजांचे मालक विम्याच्या भरवशावर जुनाट जहाजे वाटेल तशी भरून समुद्रात लोटीत. सॅम्युएल प्लिमसोल या संसदसदस्याने त्याविरुद्ध झुंज दिली आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाराची रेघ काढणे आवश्यक झाले. परंतु ती रेघ कोठे काढावयाची हे मालकावरच सोपविले होते! रेघेची जागा कायद्याने ठरावयास १८९० साल उजाडावे लागले. नियम असणे आणि नियमाला दात असणे यांत केवढे अंतर असते, हे या चौदा वर्षांनी दाखविले. आपल्याकडेही कायद्यांची वाण नाही. मुंबई इलाख्यात उतारू नावांसाठी १८६८ सालीच कायदा झाला. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने वल्ह्याने चालणाऱ्या नौकांचाही विचार केला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली नौकासुरक्षेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. उणीव आहे ती वर्षाच्या उरलेल्या दिवसांत घाटावर जाऊन होडी तपासणाऱ्या माणसाची.

स्वस्तातला उपाय

येथे प्रशासनाच्या मनोवृत्तीचा विचार करावा लागतो. अपघात झाला तर अधिकाऱ्याची चौकशी होते, त्याचे नाव वर्तमानपत्रांत येते. होडीवाल्याची कमाई बुडाली तर कोणाचीही चौकशी होत नाही. एका बाजूची चूक महाग आणि दुसऱ्या बाजूची फुकट असेल, तर निर्णय कोणीकडे झुकेल हे सांगावयास नको. तपासणी, परवाने, घाटांवर माणसे, उतरण्याचे धक्के, स्नानाच्या आणि होड्यांच्या जागांची विभागणी या सर्वांना पैसा आणि श्रम लागतात. सरसकट बंदीला एक टंकलिखित कागद पुरतो. सरकारी खात्याच्या दृष्टीने बंदी हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आणि तो स्वस्त आहे, कारण त्याचे बिल दुसऱ्याच्या घरी जाते.

ते बिल केवढे असते? होडीचा धंदा हंगामी आहे. वर्षातून चार मोठ्या वाऱ्या: चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी. त्यांत आषाढी सर्वांत मोठी. मार्गशीर्षात विठ्ठलाचा मुक्काम विष्णुपदावर असतो या श्रद्धेने भाविक होडीने तिकडे जातात, तेव्हा थोडी आवक होते. बाकीचे दिवस सुट्टीच्या गर्दीवर आणि तुरळक उतारूंवर निघतात. खर्च मात्र हंगामी नसतो. होडीची डागडुजी वारीपूर्वी करावी लागते, त्यासाठी उसनवारी होते, आणि फेड वारीच्या कमाईतून करावयाची असे ठरलेले असते. दुकानदाराचा माल आज विकला गेला नाही तर उद्या विकता येतो. होडीवाला विकतो ती फेरी. एकादशीला न झालेली फेरी द्वादशीनंतर आठ दिवसांनी विकता येत नाही, कारण तोवर गिऱ्हाईक गावी पोचलेले असते. आदेश आदल्या रात्री निघाला तर डागडुजीचा खर्च झालेला असतो आणि उत्पन्न शून्य असते. घाटांवरील कोळी समाजातील शेकडो हातांना हा फटका बसतो. चंद्रभागेत कोणी बुडू लागला तर पहिली उडी टाकणारे हातही पुष्कळदा तेच असतात.

होडीवाल्यांविषयी सहानुभूती का बाळगावी, असा प्रश्न विचारणारेही आहेत. गर्दीत ते वाटेल तेवढे भाडे घेतात, क्षमतेपेक्षा जास्त माणसे कोंबतात, ही तक्रार खोटी नाही. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात नावांच्या भाड्याविषयी अशा तक्रारी झाल्या. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये उत्तर प्रदेशाच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की, १३० नावा असलेल्या एका नाविक कुटुंबाने ४५ दिवसांत ३० कोटी रुपये मिळविले. ही गोष्ट देशभर गाजली. परंतु १३० नावांचे कुटुंब म्हणजे नावाडी समाज नव्हे. एका नावेचा धनी, किंवा दुसऱ्याच्या नावेवर रोजाने वल्हे मारणारा, या आकड्यात कोठेच दिसत नाही. किंबहुना निर्बंध आणि नफा यांचे नाते येथे तपासून पाहण्यासारखे आहे. नावांची संख्या किंवा वेळ कमी केली आणि मागणी तशीच राहिली, की भाडे चढते. त्या चढलेल्या भाड्याचा लाभ ज्याला नाव चालविण्याची मुभा मिळते त्याला होतो, आणि ज्याची नाव बांधून ठेवली जाते त्याला काहीच मिळत नाही. परवाना कोणाला मिळावा, याभोवती मग वशिला आणि देवघेव सुरू होते. निर्बंधातून निर्माण होणारी ही कमाई सार्वजनिक निर्णयाची निपज असते. तिच्यावर समाजाचा हक्क पोचतो आणि तिच्यातूनच वंचितांची सोय होऊ शकते.

मोबदल्याचा मार्ग

मग प्रत्येक बंदीबद्दल नुकसानभरपाई द्यावी काय? येथे आरंभी केलेला भेद उपयोगी पडतो. नदीला पूर आला असेल तर होडी चालविणे हा व्यवहारच त्या दिवशी अशक्य झालेला असतो. सरकारी आदेशाने फक्त त्या वस्तुस्थितीवर शिक्का मारलेला असतो. पावसाने पीक गेले म्हणून सरकारने बाजारभाव द्यावा असे जसे म्हणता येत नाही, तसेच पुरामुळे बुडालेल्या फेऱ्यांची भरपाई हक्क म्हणून मागता येणार नाही. परंतु पाणी शांत असताना, केवळ स्नानाच्या गर्दीस जागा मोकळी मिळावी म्हणून किंवा बड्या पाहुण्यांच्या बंदोबस्तासाठी होड्या बांधावयास लावल्या, तर ते निसर्गाचे कृत्य नसते. लाखो लोकांच्या सोयीसाठी थोड्यांच्या उपजीविकेचे ते तात्पुरते संपादन असते. रस्त्यासाठी शेत घेतले तर मोबदला द्यावा लागतो; मग चार दिवसांची कमाई घेतली तर तो का देऊ नये?

याला पूर्वदाखला नाही असेही नाही. समुद्रातील मासेमारीवर दरवर्षी ठरावीक काळ बंदी असते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जून आणि जुलै हे तिचे महिने. या बंदीविषयी कुरबुर असली तरी तिच्या तारखा सर्वांना आधी ठाऊक असतात, आणि जाळ्यांची दुरुस्ती व कर्जाचे हप्ते त्या हिशेबाने ठरविता येतात. तमिळनाडूचे सरकार तर बंदीच्या काळात मच्छीमार कुटुंबांना ठरावीक आर्थिक साहाय्यही देते. लंडनमध्ये टेम्स नदीवर दोन विद्यापीठांची नौकाशर्यत होते, तेव्हा बंदराचे प्राधिकरण नदीचा तो भाग काही तास बंद ठेवते. पण कोणता भाग, किती वाजेपर्यंत, हे आगाऊ सूचनेने प्रत्येक नौकाधारकास कळविलेले असते. आगाऊ कळलेल्या बंदीने नुकसान होते. अचानक कोसळलेल्या बंदीने माणूस कर्जात जातो.

पुराच्या दिवसांसाठी मात्र भरपाईहून चांगला मार्ग आहे, तो म्हणजे कामाचा. ज्या दिवशी होड्या बंद ठेवावयाच्या, त्याच दिवशी घाटांवर पोहणाऱ्या, नदीचे खळगे आणि भोवरे जाणणाऱ्या माणसांची सर्वाधिक गरज असते. बाहेरून आलेली बचावपथके यंत्रांनी सुसज्ज असतात. परंतु वाळूचा उंचवटा कोठे तुटतो, बंधाऱ्याजवळ पाणी कसे ओढते, हे त्यांना सांगावे लागते. नोंदणी झालेल्या होडीवाल्यांना बंदीच्या दिवसांत ठरलेल्या रोजाने घाटरक्षक म्हणून कामावर घेतले, त्यांच्या सुस्थितीतील निवडक होड्या बचावपथकांच्या देखरेखीखाली दोर आणि जाकिटांसह सज्ज ठेवल्या, तर पैसा दानात गेला असे होणार नाही. त्याच्या बदल्यात सुरक्षितता मिळेल. शिवाय ज्याला बंदीच्या दिवशी रोज मिळणार आहे, तो चोरून फेरी मारणार नाही. तशी फेरी मारणाऱ्याला अडवील. पोलिसांच्या काठीला जे साधत नाही, ते हितसंबंधांची दिशा बदलल्याने साधते.

या योजनेत लबाडी शिरेल, वारी आली की कागदी होड्यांची संख्या वाढेल, हा आक्षेप अपेक्षित आहे. त्यावर उपाय नोंदणीतच आहे. चैत्री वारी आटोपली की प्रत्येक होडीची तपासणी व्हावी. तिच्या अंगावर क्रमांक, माणसांची कमाल संख्या आणि भाराची रेघ ठळक रंगवावी. ज्या होडीने ही तपासणी पार केली, तिच्याच धन्याला व वल्हेकऱ्यांना मोबदला मिळावा. तपासणी आजवर होडीवाल्याला छळ वाटत आली. मोबदल्याचे दार तीच आहे असे ठरले तर तो स्वतः तिच्यासाठी रांग लावील.

बंदीचे निकषही आधी जाहीर झाले पाहिजेत. उजनी व वीर येथून अमुक इतका एकत्रित विसर्ग असेपर्यंत होड्या पूर्ण चालतील. त्यापुढे माणसे निम्मी आणि मार्ग काठालगतचा. त्याहीपुढे पूर्ण बंद, अशा पायऱ्या जलसंपदा खाते, नगरपालिका आणि होडीवाल्यांचे प्रतिनिधी यांनी एकत्र बसून ठरवाव्यात आणि घाटावर फलकावर लिहाव्यात. धरणातून सुटलेले पाणी पंढरपूरपर्यंत यावयास वेळ लागतो. तेवढी पूर्वसूचना देणे अवघड नाही. पैलतीरी उतरलेल्या वारकऱ्यांना पुलावरून सुरक्षित वाट आणि वाहने मिळतील याची तजवीज बंदीच्या आदेशासोबतच व्हावी. पाटण्यात जे घडले ते याच्याच अभावी.

या सर्वांस खर्च येईल, हे उघड आहे. परंतु वारीच्या व्यवस्थेसाठी शासन मंडप, पाणी, आरोग्य आणि बंदोबस्त यांवर जो खर्च करते, त्यात घाटरक्षकांचा आठवड्याभराचा रोज ही मोठी रक्कम ठरणार नाही. सुरक्षितता ही सर्वांनी उपभोगावयाची वस्तू आहे. वाळवंटात निर्धास्तपणे स्नान करणारा वारकरी, यात्रेवर दुकान चालविणारा व्यापारी, कर गोळा करणारी नगरपालिका आणि वारी निर्विघ्न पार पडल्याचे श्रेय घेणारे शासन, हे सारे तिचे लाभार्थी आहेत. लाभ सर्वांचा आणि खर्च एकाचा, ही वाटणी कोणत्याही हिशेबात बसत नाही. जिवाच्या रक्षणासाठी होडी काठाला बांधलीच पाहिजे. पण ती बांधणाऱ्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटेल, हे पाहणेही त्याच आदेशाचा भाग असले पाहिजे.